परतीचा डबा

तो कंजूष होता असं कुणी म्हटलं की मी भांडायला उठतो. तो कंजूष नव्हता असं म्हटलं तरीही उठतो. बायको म्हणते, तुम्हाला भांडायला नुसतं निमित्त पाहिजे. असेल. पण त्या माणसासोबत एका खोलीत दोन वर्षं मी काढलीत, तिनं नाही.

विद्यापीठाच्या अलीकडं, बेगमपुऱ्यात, आमची खोली होती. आम्ही तिघं. मी कन्नडकडच्या एका खेड्यातला. दुसरा शेख, सिल्लोडचा. त्याच्या वडलांचा सरकीचा धंदा होता. आणि तिसरा तो. आमच्याहून चार वर्षांनी मोठा, इतिहासात एम.ए. करत होता. अंघोळीला किती तांबे घ्यायचे, दिवा कधी मालवायचा, शेखचा स्टोव्ह कधी पेटवायचा, हे सगळं त्याच्या हुकमानं चालायचं. म्हणून आम्ही त्याला मुकादम म्हणायला लागलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वाटलं, चिडतोय आता. तो म्हणाला, "फुकट मिळतंय ना? मग असू द्या."

त्याच्याकडं दोन सदरे, एक पायजमा आणि एक पँट. पँट फक्त वर्गात. चप्पल रस्त्यानं हातात आणि वर्गात पायात, कारण डांबर चप्पल खातं, फरशी खात नाही. साबणाची वडी तो दोऱ्यानं कापायचा आणि तुकडे आठ-आठ दिवस उन्हात वाळवायचा. वाळलेला साबण कमी झिजतो म्हणे. चहाच्या बाबतीत त्याचा नियम असा, की कुणी "चहा घेणार का?" विचारलं तर हो म्हणायचं नाही, मग पुढच्या खेपेला आपल्याला पाजावा लागतो. नाही पण म्हणायचं नाही, मग चहा जातो. नुसतं बसून राहायचं. मी हा प्रयोग कँटीनमध्ये एकदा करून पाहिला. दीड तास बसलो. शेवटी पोऱ्यानं टेबल पुसायला मला उठवलं.

वही त्यानं जन्मात विकत घेतली नाही. सर्कशीची, निवडणुकीची, दुकानाच्या उद्घाटनाची हँडबिलं तो गोळा करायचा. पाठकोरा कागद दिसला की त्याच्या डोळ्यांत जी चमक यायची ती दुसऱ्या कशानंही यायची नाही, आणि त्या वयात दुसरं पुष्कळ काही बघण्यासारखं होतं. सगळा एम.ए.चा अभ्यास त्या कागदांच्या पाठीवर. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला मलिक अंबर सापडेना. सगळी ट्रंक उपसून झाली.

शेखनं विचारलं, "कशावर लिहिला होता?"

"मूळव्याधीच्या औषधावर," तो म्हणाला.

आमचे घरमालक चाचा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, पोलिस अ‍ॅक्शननंतर घरी बसलेले. माणसं त्यांनी लई पाहिली होती. मुकादमाला अनवाणी, हातात चप्पल घेऊन येताना बघून ते एकदा मला म्हणाले, "ऐसा पोट्टा मैं निजाम के खजाने में भी नै देखा." चाचांनी हे कौतुकानं म्हटलं होतं की कसं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

मी एकदा विचारलं, "एवढे पैसे वाचवून करतोस काय?"

"खर्च करत नाय," तो म्हणाला.

आता डब्याचं सांगतो. त्या काळी आमच्याकडच्या पोरांना खानावळ परवडायची नाही. सकाळी गावच्या फाट्यावर आई-बाप एसटीत डबा ठेवायचे. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या उबेला, पंधरा-वीस डब्यांची रांग लागायची. प्रत्येकाला कापडी पिशवी, पिशवीवर रंगीत दोऱ्यानं आडनाव. पोरानं शहरात स्टँडवर उभं राहायचं, आपला डबा उचलायचा, दोन्ही वेळचं त्यात भागवायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत धाडायचा. कंडक्टर याचा एक पैसा घ्यायचा नाही. माझा डबा कन्नडच्या गाडीनं यायचा, शेखचा सिल्लोडच्या गाडीनं, हर्सूलवरून.

मुकादमाला डबा नव्हता. त्याचे आई-बाप मेंढरांमागं. दिवाळी झाली की निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. आज या तालुक्यात, उद्या त्या. "तुझं घर कुठं आहे रे?" असं विचारलं की तो म्हणायचा, "मेंढरांना विचारावं लागंल." त्या घरात लिहिता-वाचता येणारा तो एकटा. दोन वर्षांत त्याला कुणाचं पत्र आलेलं मी पाहिलं नाही. लिहिणार कोण?

तर त्यानं आमच्याशी करार केला. रोज सकाळी बेगमपुऱ्यातून चालत स्टँडवर जाऊन आमचे डबे तो आणणार, संध्याकाळी रिकामे नेऊन देणार. मजुरी म्हणून माझ्या डब्यातली एक भाकरी आणि शेखच्या डब्यातल्या दोन चपात्या. आम्हाला झोपायला मिळायचं, त्याला जेवायला. मला हे सुरुवातीला बरं वाटलं, मग ती एक भाकरी डोळ्यात सलायला लागली. वय तसं होतं, भूक तशी होती. आईला चिठ्ठीतून कळवलं, तर दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त. आईनं वर त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

चिठ्ठ्यांची युक्तीही त्याचीच. मी पोस्टकार्ड आणायला निघालो होतो, तर त्यानं दारात अडवलं. "डबा रोज जातो. त्यात टाक चिठ्ठी. सरकारला कशाला पैसे देतो?" मग रोज माझी चिठ्ठी जायची आणि आईची यायची. आई चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि गोल. शेळी व्याली, बाप कारखान्यावर सीझनला गेला, असलं दोन ओळींचं. माझी वाचून झाली की मुकादम हात पुढं करायचा. "झाली का वाचून? दे." चिठ्ठी पाठकोरी असायची. मीही देऊन टाकायचो. ठेवून काय करायचं होतं?

रिकामा डबा परत जातो, याचं त्याला फार लागायचं. "एवढी मोठी एसटी, एवढा लांबचा रस्ता, अन् डब्यात काय? वारा!" असं तो खरोखर दुःखानं म्हणायचा. मग विद्यापीठाच्या टेकडीवरची बोरं, कधी रानातली सीताफळं, जे फुकट मिळेल ते तो माझ्या डब्यात भरायचा. आई चिठ्ठीत विचारायची, 'बोरंवाला बरा आहे का.'

आणि घरी जायचं नाही, हाही त्याचाच हुकूम. "घरी जाऊन काय करणार? जेवणार. जेवण इथं येतंय. ख्यालीखुशाली कळतीय. मग भाडं कशाला?" मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला त्याचा अभिमान वाटायला लागला. दिवाळीनंतर मी गेलोच नाही. आईला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, भाडं वाचवतोय. फेब्रुवारी उजाडला तरी मी आईचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि त्याचं मला काहीही वाटत नव्हतं.

त्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी दुपारी वर्गातून आलो, तर मुकादमानं खाटेवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बाजरीच्या अर्ध्या-अर्ध्या तीन भाकरी ओळीनं मांडल्या होत्या. दोन वाळून खडंग झालेल्या, एक ताजी.

"ही सोमवारची. ही मंगळवारची. ही आजची," तो म्हणाला. "बघ."

"काय बघू?"

"एका बाजूला जाड हाय. एका बाजूला पातळ."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का? दीड वर्ष माझ्या आईच्या हातचं फुकट खातो, अन् आता नावं ठेवतो? उद्यापासून बंद तुझी भाकरी!"

शेख खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "अरे यार, ये तो भाकरी का सीआयडी निकला."

मुकादम चिडला नाही. त्यानं आजची भाकरी उचलून उजेडाकडं धरली. "नावं नाय ठेवत. थापलेली बाजू बघ. बोटं उलटी उमटलीत. तुझी आई डावरी हाय का?"

"नाय."

"मग डाव्या हातानं का थापती?"

"दुसरं कुणी थापत असेल."

"दुसरं कुणी असतं तर सगळंच बदललं असतं. मीठ तेच हाय. कड दाबायची रीत तीच हाय. बाई तीच हाय, हात दुसरा हाय. चिठ्ठी कधी आली होती शेवटची?"

मी आठवायला लागलो. तीन आठवडे चिठ्ठी नव्हती. मी रोज डबा उघडत होतो, जेवत होतो, आणि कापसाची वेचणी चालू असेल, वेळ नसेल, असं धरून चाललो होतो.

"आमच्यात मेंढरू लंगडायच्या आधी त्याचा ठसा लंगडतो," तो म्हणाला. "बाप सकाळी उठून आधी जमीन बघतो, मग मेंढरं. मी सोमवारीच बोललो असतो. पण एका भाकरीवरून कसं सांगावं? चल."

"कुठं?"

"स्टँडवर. कन्नडची गाडी हाय आता."

स्टँडवर सगळे कंडक्टर त्याला ओळखायचे. दीड वर्षं रोज दोनदा तो तिथं यायचा आणि एकदाही गाडीत बसला नव्हता. त्या दिवशी तो चढला, आत जाऊन सीटवर बसला, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काय मुकादम, डबा राहिला का आत?"

"नाय. दोन फुल द्या."

"दोन काय?"

"तिकिटं."

कंडक्टरनं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं मागं वळून मुकादमाकडं पाहिलं. मग कंडक्टर हळू आवाजात मला म्हणाला, "कुणी गेलं का रे घरातलं?" मुकादमानं पैसे मोजून दिले, तिकीट घेतलं, आणि सवयीनं उलटं करून बघितलं.

आई उंबऱ्यात बसून डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होती. उजवा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला. मी चिंधी सोडली. तळहात पिकला होता, कोपरापर्यंत सूज होती, कातडी ताणून चकचकत होती. अंग तव्यासारखं तापलेलं. तीन आठवड्यांपूर्वी बांधावरच्या बाभळीचा काटा पहिल्या बोटाच्या बुडाशी मोडला होता, तिनं हळद-चुना भरून ठेवला होता. आधी नुसती पेन्सिल धरता येईना, या आठवड्यात हातच उचलेना. शेजारीच चुलत्याचं घर. पण त्याच बांधावरून आमचं त्यांचं बोलणं बंद होतं. बाप कारखान्यावर. बघणार कोण?

मी ओरडलो, "आई, कळवलं का नाहीस?"

"कळवून काय? परीक्षा तोंडावर. पळत आला असता," ती म्हणाली. "तूच लिवलं होतं ना, भाडं वाचवतो म्हणून. मी म्हणलं, पोरगं एवढं वाचवतंय, अन् आपण दवाखान्यात कुठं घालावं?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला त्या वेळी वाटलं. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. वीस वर्षांचा घोडा, पण रडलो. आई माझ्याकडं बघेना, ती मुकादमाकडं बघत होती. "हा बोरंवाला का? बस बाबा. भाकरी टाकते," असं म्हणून ती खरोखर उठायला लागली.

"मावशी, भाकरी नको," तो म्हणाला. "आधी दवाखाना."

फुकटचं जेवण त्यानं नाकारलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्याच दिवशी उलट्या गाडीनं आईला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी हात चिरला. म्हणाले, अजून चार दिवस घरी ठेवलं असतं तर हात कोपरापासून काढावा लागला असता. हात राहिला. पहिलं बोट मात्र कायमचं ताठ झालं, ते पुन्हा वाकलं नाही. बाहेरून आणायची इंजेक्शनं मुकादमानं आणली. तो बी.एड.च्या फीसाठी पैसे साठवत होता हे मला तेव्हा कळलं. फीची तारीख उलटल्यावर माझी स्कॉलरशिप आली, तेव्हा त्यानं ते पैसे माझ्याकडून पुरते घेतले. उगाच मोठेपणा दाखवला नाही. मी तिकिटाचेही द्यायला लागलो तर म्हणाला, "ते नको. मी माझ्या कामाला आलो होतो."

"कसलं काम?"

"भाकरी बंद व्हायला आली होती."

आठ-दहा दिवसांनी आई घरी गेली. बापानं तेवढे दिवस रजा काढली होती, मग त्याला कारखान्यावर परतावं लागलं. मी घरी राहतो म्हटलं, तर आईनं मला हाकलून लावलं. "परीक्षा बुडवली तर तोंड दाखवू नको." चुलतीकडून तांब्याभर पाणी घ्यायचीही तिची तयारी नव्हती. एका हातानं ती काय करणार, काय खाणार, याचा विचार करत मी खोलीवर येऊन भिंतीकडं तोंड करून पडलो.

सकाळी जाग आली ती स्टोव्हच्या आवाजानं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. ज्या स्टोव्हवर रविवारशिवाय चहा करू द्यायचा नाही, तो मुकादमानं फर्रर्र पेटवला होता. परातीत बाजरीचं पीठ, विकत आणलेलं. तो भाकरी थापत होता. मेंढरांमागच्या पोराला भाकरी यावीच लागते. तीन भाकरी, पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा त्यानं माझ्या डब्यात भरला आणि पिशवीचा बंद आवळला.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"आता तिकडून डबा येणार नाय. इकडून जाऊ दे," तो म्हणाला. "तशीही एसटी जातेच तिकडं. जागा फुकट जाते."

शेख उठून बसला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं रॉकेलचा डबा स्वतः भरून आणायला सुरुवात केली.

जवळजवळ महिनाभर पहिल्या गाडीनं तो डबा फाट्यावर जात होता आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा येत होता. मुकादम पहाटे भाकरी थापायचा, चप्पल हातात घेऊन स्टँडवर जायचा, कंडक्टरला डबा द्यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी रिकाम्या डब्यात चिठ्ठी आली. डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं पडलेली, एक ओळ लिहायला तिला किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक. मी वाचायला घेतली, तर ती मला नव्हती. वर लिहिलं होतं, 'बोरंवाल्यास'. खाली एवढंच:

'भाकर लई जाड. करनाराची तब्बेत बरी हाय ना.'

मी आणि शेख पोट धरून हसलो. मेंढपाळाच्या पोराची भाकरी, ती जाडच असायची. तीन दगडांच्या चुलीवर, वाऱ्यात, पातळ कोण करत बसतं? मुकादम हसला नाही. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशीची भाकरी त्यानं एवढी पातळ थापली की तव्यावर टाकताना तुटली. त्यानं ती स्वतः खाल्ली आणि पुन्हा थापली.

पुढं मी पास झालो, नोकरीला लागलो. तो एक वर्ष उशिरा बी.एड. झाला आणि खेड्यांतल्या शाळांतून मास्तरकी करून हर्सूलकडं घर बांधून राहिला. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडं गेलो होतो. घरात चार दिवे होते, एक लागलेला होता. चहा घेणार का, असं त्याच्या बायकोनं विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. चहा आला.

बोलता बोलता त्यानं जुनी ट्रंक ओढली. सर्कस, निवडणुका, मूळव्याध, सगळं होतं तसं. आणि एका सुतळीत बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. त्यानं तो माझ्या हातात दिला. "तुझ्या हायत. घेऊन जा."

आईच्या चिठ्ठ्या. मोठं गोल अक्षर. शेळी व्याली. बाप कारखान्यावर गेला. मागच्या बाजूला त्याच्या बारीक अक्षरात देवगिरीचे यादव. माझ्याकडं आईच्या हातचं एक अक्षर नव्हतं. मी कधी ठेवलंच नव्हतं. याच माणसानं कागद वाचवायचा म्हणून ते घेतलं होतं, आणि म्हणून ते राहिलं होतं. मला चष्मा काढून पुसावा लागला.

तळाशी अजून एक घडी होती. मी उघडली. पडलेली अक्षरं, 'बोरंवाल्यास'. उलटी केली. मागं काही लिहिलेलं नव्हतं. यादव नाही, मोगल नाही, काही नाही.

मी तीही गठ्ठ्यात ठेवायला लागलो, तर त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"ती नाय."

"आईच्या हातची आहे रे," मी म्हणालो. "शेवटी माझी आई होती ती."

"व्हय. पण चिठ्ठी मला आलेली हाय," तो म्हणाला.

मी भांडलो नाही. घडी घालून त्याच्या हातात दिली.